हेडसेट हे संशोधनाचे साधन: पुरातत्त्वात आभासी वास्तवाचा वापर टप्प्याटप्प्याने कसा करावा

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे विस्तृत क्षेत्रावर आडवे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहतीतील शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले. त्यांत पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, त्याला लागून धान्य साठवण्याची जागा होती, आणि हे घर गावच्या प्रमुखाचे असावे असा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला. हा अर्थ वाचताना एक साधा प्रश्न मनात येतो: त्या घराच्या अंगणात बसलेल्या माणसाला धान्यकोठाराकडे कोण येते-जाते हे खरोखर दिसत होते का? आराखड्यावर पट्टी ठेवून या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते, कारण कागदावर भिंतीला उंची नसते आणि माणसाला डोळे नसतात. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आभासी वास्तव (व्हर्च्युअल रिॲलिटी), म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभ्या केलेल्या जागेत वावरणे, उपयोगी पडते.

पुण्यात या विषयाची आवड असलेले विद्यार्थी बरेच आहेत. त्यांच्यापैकी कोणाला संगणकशास्त्र येते, कोणाला खापरे ओळखता येतात, पण दोन्ही बाजू जुळवून संशोधन कसे उभे करायचे याची सविस्तर माहिती मराठीत सहसा हाती लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. संग्रहालयात येणाऱ्यांना प्राचीन गाव फिरवून आणणे हे चांगले काम आहे, परंतु इथे त्याविषयी सांगायचे नाही. आपण लावलेला अर्थ चुकीचा असेल तर आभासी प्रतिकृतीने तसे आपल्याला सांगितले पाहिजे, आणि तसे सांगण्याची सोय तिच्यात पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे, या एका अपेक्षेभोवती पुढचे सगळे टप्पे रचले आहेत.

पहिला टप्पा: प्रश्न, आणि तो हेडसेटचा आहे का याची तपासणी

‘इनामगावचे जीवन अनुभवणे’ हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे येऊच शकत नाही. ‘भिंतींची उंची किती असेल तोवर मोठ्या घराच्या अंगणातून कोठाराचे प्रवेशद्वार दिसते?’ हा प्रश्न होऊ शकतो. प्रश्न लिहून काढावा, त्याखाली अपेक्षित उत्तर लिहावे, आणि त्याखाली कोणते निरीक्षण मिळाले तर आपले अपेक्षित उत्तर आपण सोडून देऊ हेही लिहावे. हा कागद तारीख घालून मार्गदर्शकाकडे किंवा सहकाऱ्याकडे ठेवावा. प्रतिकृती तयार झाल्यावर तिच्या देखणेपणात मूळ प्रश्न कसा विरघळून जातो, हे ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर हाच प्रश्न स्वस्त साधनाने सुटतो का ते पाहावे. एखाद्या टेकडीवरून कोणती गावे दिसतात हे क्यूजीआयएससारख्या नकाशा-प्रणालीत दृश्यक्षेत्राची गणिते करून काढता येते. त्यासाठी हेडसेट घालण्याची गरज नाही. दोन बिंदूंमधील दृष्टिरेषा मोकळी आहे की अडलेली, हेही गणिताने कळते. हेडसेटचा खरा उपयोग तिथे होतो जिथे शरीराचा संबंध येतो: वाकून जावे लागणारे दार, डोके वळवल्यावर उलगडत जाणारी जागा, अंगावर येणारी भिंत, दोन-तीन माणसांना एकाच वेळी वावरता येईल का असा प्रश्न, किंवा उत्खननात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या चरांत सापडलेल्या गोष्टी एकाच जागी उभे राहून एकत्र पाहण्याची गरज. या शेवटच्या उपयोगाचे एक जुने उदाहरण जॉर्डनमधील पेत्राचे आहे. तिथल्या महामंदिराच्या उत्खननाची माहिती अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या गटाने या शतकाच्या सुरुवातीला भिंतींवर त्रिमितीय प्रक्षेपण करणाऱ्या खोलीत मांडली, आणि उत्खनन केलेल्या तज्ज्ञांनी त्या खोलीत उभे राहून आपापल्या चरांतील वस्तूंची विभागणी नव्याने अभ्यासली. तुर्कस्तानातील चाताल्होयुक येथे मॉरिझिओ फोर्ते यांच्या गटाने उत्खनन चालू असतानाच प्रत्येक थराची त्रिमितीय नोंद घेतली. खोदलेला थर परत मिळत नाही. त्याची अशी नोंद असेल तर निदान त्याच्याकडे परत जाता येते.

दुसरा टप्पा: परवानग्या

यावर फार लिहीत नाही, पण हा टप्पा वगळू नये. पाताळेश्वर, शनिवारवाडा, कार्ले, भाजे ही केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याखाली त्यांची व्यवस्था भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण पाहते, आणि पुणे जिल्हा त्याच्या मुंबई मंडळात येतो. हातातल्या कॅमेऱ्याने दोन छायाचित्रे काढणे वेगळे आणि तिकाटणे, दिवे, मोजणीची उपकरणे घेऊन दिवसभर नोंदणी करणे वेगळे. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी घ्यावी आणि अर्जात त्रिमितीय नोंदणीचा स्पष्ट उल्लेख करावा. ड्रोनचा विचार असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार कुठे उडवता येते हे दाखवणारा सरकारच्या डिजिटल स्काय प्रणालीचा नकाशा आधी पाहावा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे आणि शहराच्या भोवती लष्करी संस्था आहेत, त्यामुळे पुण्याच्या आकाशात उड्डाणाला मोकळीक असेल असे गृहीत धरू नये. पाताळेश्वर हे पूजेत असलेले देऊळ आहे. तिथल्या पुजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवणे हे परवानगीइतकेच आवश्यक आहे.

तिसरा टप्पा: जागेची नोंद

उभ्या वास्तूची नोंद घेण्याचा सर्वांत परवडणारा मार्ग म्हणजे छायाचित्रमिती. एकाच पृष्ठभागाची अनेक ठिकाणांहून छायाचित्रे घ्यायची, आणि त्यांतील समान खुणांवरून आज्ञावलीने कॅमेऱ्याच्या जागा व पृष्ठभागाचा आकार काढायचा, असे तिचे सूत्र आहे. मेटाशेप ही विकत मिळणारी आज्ञावली पुरातत्त्वात फार वापरली जाते. मेशरूम आणि कोलमॅप या मोफत आहेत आणि शिकण्यासाठी पुरेशा आहेत.

सरावासाठी जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर उत्तम आहे. राष्ट्रकूट काळात, साधारण आठव्या शतकात, बसाल्टमध्ये कोरलेले हे लेणे अपूर्ण राहिले आहे. अंगणातील गोलाकार नंदीमंडप, आतील खांबांच्या रांगा आणि मागची अंधारी बाजू अशा तीन अगदी निराळ्या अडचणी एका आवारात भेटतात. मंडपाभोवती फिरताना पूर्ण वर्तुळ करावे लागते, आणि वर्तुळ बंद होताना मोजणी जुळली नाही तर चूक लगेच उघडी पडते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत निदान ६० टक्के, शक्य तर ८० टक्के भाग समान असावा. एका जागी उभे राहून कॅमेरा फिरवू नये. प्रत्येक छायाचित्रासाठी पाऊल सरकवावे. खांबाच्या चारही बाजूंनी, तीन उंचींवरून फेऱ्या कराव्यात. झूम करू नये, फोकस आणि एक्स्पोजर स्थिर ठेवावे, आणि छायाचित्रे कच्च्या (रॉ) स्वरूपात साठवावीत.

आपल्या काळ्या दगडाच्या काही खोडी ध्यानात ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात पाझरणाऱ्या पाण्याने बसाल्ट चकाकतो. चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि आज्ञावलीला खोट्या खुणा मिळतात. कडक उन्हात अंगण पांढरेफटक आणि आतील खांब काळेकुट्ट येतात. माझ्या मते पाऊस संपल्यावर दगड वाळला की ढगाळ दिवस गाठावा, नाहीतर सूर्य आवारात उतरण्यापूर्वी सकाळी काम उरकावे. हातांनी गुळगुळीत झालेल्या भागांवर खुणा सापडत नाहीत, तिथे अधिक जवळून आणि अधिक छायाचित्रे घ्यावीत. दिशा मोजण्यासाठी केवळ होकायंत्रावर विसंबू नये, कारण दख्खनच्या बसाल्टमध्ये चुंबकीय खनिजे असतात आणि सुई दगडाजवळ भरकटू शकते.

मोजपट्टीशिवाय काढलेली प्रतिकृती संशोधनाला निरुपयोगी असते, कारण छायाचित्रमितीला आकार कळतो पण माप कळत नाही. निदान चार-पाच नियंत्रणबिंदू, म्हणजे प्रत्यक्ष जागा ठाऊक असलेल्या खुणा, टोटल स्टेशन या कोन-अंतर मोजणाऱ्या उपकरणाने मोजाव्यात आणि त्याखेरीज ठराविक लांबीच्या मोजकांड्या दृश्यात ठेवाव्यात. दगडावर काहीही चिकटवू नये. खुणेचे पुठ्ठे लहान वजनांखाली जमिनीवर ठेवता येतात. आणखी दोन बिंदू मोजून ते मुद्दाम गणनेबाहेर ठेवावेत आणि शेवटी प्रतिकृतीतील त्यांची जागा प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावी. आज्ञावली स्वतःविषयी जी अचूकता सांगते तिच्यापेक्षा ही ताडलेली चूक अधिक खरी असते, आणि प्रबंधात तीच द्यावी.

जुन्या उत्खननाचे काय करावे?

इनामगावसारख्या स्थळी आज जाऊन घरे मोजता येणार नाहीत. तिथे साधनसामग्री म्हणजे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल, आराखडे, छेद आणि छायाचित्रे. आराखडा स्कॅन करून त्यावरील चरांच्या जाळीचे कोपरे नकाशा-प्रणालीत बसवावेत आणि मग प्रत्येक भिंत, चूल, खांबाची खळगी, कणगीचा ओटा वेगळा रेखाटावा. या कामाला अचूकतेची मर्यादा असते आणि ती आधीच लिहून ठेवता येते: १:५० प्रमाणातल्या आराखड्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच सेंटिमीटर होते. मूळ रेखाटन करणाऱ्याच्या हाताची आणि कागद आकसल्याची चूक त्यात मिळवली, तर अशा आराखड्यावरून पाच सेंटिमीटरच्या आतला कोणताही दावा करू नये.

यापेक्षा मोठा धोका काळाचा आहे. आराखड्यावर शेजारी-शेजारी दिसणारी दोन घरे एकाच वेळी उभी होतीच असे नाही. इनामगावला माळवा, पूर्व (म्हणजे आधीचा) जोर्वे आणि उत्तर (म्हणजे नंतरचा) जोर्वे असे संस्कृतींच्या नावांचे तीन कालखंड आहेत, आणि पूर्व जोर्वेतील आयताकृती घरांनंतर उत्तर जोर्वेत गोल झोपड्या दिसू लागतात. एकाच कालखंडातही घरे पडत होती आणि नवी बांधली जात होती. आभासी दृश्यात सगळी एकदम उभी केली की गाव दाट दिसते, आणि ती दाटी पुढच्या प्रत्येक निष्कर्षात झिरपते. म्हणून प्रत्येक घराला कालखंड आणि थर यांची नोंद जोडावी, आणि दृश्यात एका वेळी तीच घरे दाखवावीत जी एकत्र उभी असल्याचा पुरावा आहे किंवा निदान नसल्याचा पुरावा नाही. या दोन गटांसाठी दोन वेगळी दृश्ये ठेवावीत.

चौथा टप्पा: पुनर्रचना, आणि अज्ञानाची नोंद

उत्खननात जमिनीलगतच्या बुटक्या मातीच्या भिंती, खांबांच्या खळग्या आणि चोपलेली जमीन मिळते. त्यावरचा कुडाचा भाग किती उंच होता, छप्पर कशाने शाकारले होते, दार किती बुटके होते, हे आपण ठरवतो. ठरवण्यात गैर काही नाही. ठरवले आहे हे लपवणे गैर आहे. वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेसाठी तज्ज्ञांनी तयार केलेल्या लंडन सनदेने २००६ मध्ये आणि सेव्हिया तत्त्वांनी २०११ मध्ये हाच आग्रह धरला: पुनर्रचनेतील कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता अनुमानावर, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, आणि निर्णय कसे घेतले याची नोंद राहिली पाहिजे. थरांचा क्रम दाखवणारी हॅरिस आकृती उत्खननाच्या कामातील सर्वांच्या परिचयाची आहे. इमान्युएल देमेत्रेस्कू यांनी तिचाच विस्तार करून पुनर्रचनेतील प्रत्येक भागाला त्याच्या पुराव्याशी जोडण्याची पद्धत तयार केली आहे.

प्रत्यक्षात चार रंग पुरतात. उत्खननात जागेवर सापडलेले एका रंगात. सापडलेल्या अवशेषांवरून थेट काढता येणारे, उदाहरणार्थ दोन खळग्यांमधील खांबाची जागा, दुसऱ्या रंगात. इतर स्थळे किंवा आजची ग्रामीण घरे यांच्याशी तुलना करून ठरवलेले तिसऱ्या रंगात. आणि निव्वळ कल्पना चौथ्या रंगात. हे रंग हेडसेटमध्ये एका कळीने चालू-बंद करता यावेत. पहिल्यांदा रंग चालू केल्यावर बहुतेकांना धक्का बसतो, कारण डोळ्यांच्या पातळीवरचे जवळजवळ सगळे तिसऱ्या-चौथ्या रंगाचे निघते. तो धक्का संशोधकाने सर्वांत आधी स्वतः घ्यावा.

शनिवारवाड्याच्या बाबतीत हा मोह फार मोठा असतो. १७३० मध्ये काम सुरू झालेल्या या वाड्याचा लाकडी भाग १८२८ च्या आगीत गेला. आज तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे अवशेष आहेत. जोत्यांची नोंद सेंटिमीटरच्या अचूकतेने घेता येते, आणि त्या अचूकतेचा भास नकळत वरच्या मजल्यांपर्यंत पोचतो. वरच्या मजल्यांचा पुरावा दगडात नसून पेशवे दप्तरातील कागदपत्रांत आणि समकालीन वर्णनांत शोधावा लागतो. त्याची विश्वसनीयता तपासण्याची रीत वेगळी, म्हणून त्याचा रंगही वेगळा असावा. हौसेने कोरलेले महिरपी खांब सुंदर दिसतील, पण पाहणारा त्यांनाच पुरावा मानेल. इथे मी ठामपणे सांगेन की पुरावा नसेल तिथे साधा, पोत नसलेला ठोकळा ठेवावा.

आता इनामगावच्या प्रश्नाकडे परत येऊ. भिंतीची उंची आपल्याला माहीत नाही, म्हणून एकच ‘सर्वांत शक्य’ उंची निवडून पुढे जाण्याऐवजी तीन उंची घ्याव्यात, समजा १ मीटर, १.४ मीटर आणि १.८ मीटर. छपराची वळचण उंच आणि बुटकी अशी दोन प्रकारे ठेवावी. पाहणारा उभा आणि मांडी घालून बसलेला अशा दोन स्थितींत घ्यावा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ७० ते ७५ सेंटिमीटरवर असतात, आणि ज्या समाजात घरातली व अंगणातली बहुतेक कामे बसून होतात तिथे ही उंची विसरली तर अभ्यास उभ्या राहिलेल्या पाहुण्याचा होतो. या सगळ्यांच्या मिळून बारा स्थिती होतात. बाराही स्थितींत कोठाराचे दार दिसले तर निष्कर्ष आपल्या कल्पनेवर अवलंबून नाही. फक्त दोनच स्थितींत दिसले, तर कोठारावर नजर असण्याचा मुद्दा प्रमुखाच्या घराच्या बाजूने मांडता येणार नाही आणि इतर पुराव्याकडे वळावे लागेल.

पाचवा टप्पा: प्रतिकृती हेडसेटमध्ये नेणे

छायाचित्रमितीतून पृष्ठभागाचा आकार छोट्या त्रिकोणांच्या जाळीच्या रूपात मिळतो, आणि तिच्यात कोट्यवधी त्रिकोण असू शकतात. मेटा क्वेस्टसारखा स्वतंत्र चालणारा हेडसेट एका दृश्यात काही लाखांपासून फार तर दहाएक लाख त्रिकोण सुरळीत दाखवतो. संगणकाला जोडलेला हेडसेट यापेक्षा बराच अधिक भार घेतो. म्हणून ब्लेंडर या त्रिमितीय आज्ञावलीत जाळी हलकी करावी आणि बारीक उठाव पृष्ठभागाच्या चित्रात उतरवावा. मात्र छिन्नीच्या खुणांचा अभ्यास करायचा असेल, जसा पाताळेश्वरच्या अपूर्ण भागांत कामाचा क्रम शोधण्यासाठी करता येईल, तर तेवढा तुकडा पूर्ण तपशिलात ठेवून बाकीचे लेणे हलके करावे. अशा तुकड्यावर तिरपा प्रकाश फिरवून पाहण्याची सोय ठेवल्यास प्रत्यक्ष अंधाऱ्या कोपऱ्यात न दिसणाऱ्या खुणा स्पष्ट होतात. मूळ जड जाळी कधीही पुसू नये, आणि हलकी जाळी मूळ जाळीपासून कुठे किती सरकली आहे हे क्लाउडकंपेअर या तुलना करणाऱ्या आज्ञावलीत मोजून ठेवावे.

इथे दोन चुका वारंवार होतात आणि दोन्ही मुकाट्याने होतात. पहिली निर्देशांकांची. पुणे हे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या जागतिक निर्देशांक-पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येते आणि इथले उत्तरेकडील निर्देशांक वीस लाख मीटरच्या घरात असतात. युनिटीसारखी खेळ-प्रणाली साधारण सात अंकांपर्यंतच अचूक राहणारे आकडे वापरते, त्यामुळे इतक्या मोठ्या आकड्याशी तिची बारीकात बारीक पायरी सुमारे साडेबारा सेंटिमीटरची होते. भिंती थरथरतात आणि मापे बिघडतात. उपाय सोपा आहे: स्थळावरचा एक बिंदू शून्य मानून सगळे निर्देशांक त्यापासून मोजावेत आणि वजा केलेले आकडे नोंदवहीत लिहावेत. दुसरी चूक अक्षांची. नकाशा-प्रणाली आणि ब्लेंडर यांत उंचीचा अक्ष एक, युनिटीत दुसरा. शिवाय युनिटी डावखुरी अक्षपद्धती वापरते आणि अनरियल या दुसऱ्या खेळ-प्रणालीत एकक सेंटिमीटर असते. रूपांतर चुकले तर अख्खे लेणे आरशातल्यासारखे उलटे होते, आणि सममित वास्तूत हे महिनोन्महिने लक्षात येत नाही. प्रतिकृतीत उत्तर दिशेचा बाण आणि ‘पूर्व’ असे अक्षर ठेवावे. अक्षर उलटे दिसले की चूक कळते.

प्रकाशाविषयीही सावध राहावे. कार्ल्याच्या चैत्याला पश्चिमेकडे तोंड आहे, आणि दर्शनी कमानीच्या गवाक्षातून आत येणारा उतरत्या उन्हाचा झोत स्तूपापर्यंत कधी पोचतो हा अभ्यासाचा सुंदर विषय आहे. झोताची दिशा प्रतिकृतीत उत्तम काढता येते. दोन हजार वर्षांत पृथ्वीच्या अक्षाचा कल सुमारे पाव अंशाने बदलला आहे, म्हणजे सूर्यबिंबाच्या अर्ध्या रुंदीइतका, त्याचा हिशेब धरावा. परंतु ‘आत किती उजेड वाटत असेल’ हे हेडसेटवरून ठरवू नये. हेडसेटचा पडदा खऱ्या उन्हाच्या आणि पणतीच्या तेजातील तफावत दाखवू शकत नाही. उजेडाचे आकडे रेडियन्ससारख्या प्रकाशगणिताच्या आज्ञावलीतून काढावेत, आणि हेडसेटमध्ये फक्त झोत कुठे पडतो एवढेच पाहावे.

सहावा टप्पा: हेडसेटमधील प्रयोग

हा टप्पा सर्वांत दुर्लक्षित राहतो. प्रतिकृती बनवायला वर्ष जाते आणि तिच्यात शिरून निरीक्षण करायला एक दुपार. मग प्रबंधात ‘आत गेल्यावर जागा भव्य वाटली’ असे वाक्य येते. त्या वाक्याला पुराव्याचे वजन नाही.

पहिली गोष्ट, हेडसेटमध्ये अंतरे खऱ्यापेक्षा कमी वाटतात. हे प्रयोगांतून वारंवार दिसून आले आहे आणि आधुनिक हेडसेटमध्येही ते पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. म्हणून प्रत्येक सहभागी व्यक्तीची आधी चाचणी घ्यावी. मोकळ्या दालनात हेडसेटमध्ये तीन, चार आणि पाच मीटरवर खूण दाखवावी, मग दृश्य बंद करून त्या व्यक्तीला खुणेपर्यंत चालत जायला सांगावे, आणि ती कुठे थांबली ते फीत लावून मोजावे. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर मोजून हेडसेट त्याप्रमाणे जुळवावा. ‘लांब’, ‘जवळ’, ‘मोठे’ या शब्दांवर निष्कर्ष उभारू नये. दृश्यातच मोजपट्टीचे साधन द्यावे आणि आकडा घ्यावा.

दुसरी गोष्ट, हालचाल. कळ दाबून एका जागेवरून दुसरीकडे उडी मारण्याची सोय मळमळ टाळते, पण त्यात चालण्याचे अंतर शरीराला कळत नाही. वावराचा प्रश्न असेल तर घराएवढे दालन रिकामे करून खरेच चालावे. बुटक्या दाराचा अभ्यास असेल तर आणखी एक साधा उपाय आहे: आभासी दाराची जी उंची, त्याच उंचीवर दालनात मऊ स्पंज गुंडाळलेली काठी आडवी बांधावी. हेडसेटमधील चौकटीतून डोके आरपार जाते. काठीतून जात नाही, आणि वाकून आत शिरणारा माणूस आधी काय पाहतो हे तेव्हाच नीट कळते. जवळ एक मदतनीस कायम उभा असावा.

तिसरी गोष्ट, क्रम. सगळ्यांना आधी बुटक्या भिंतीचे आणि मग उंच भिंतीचे दृश्य दाखवले तर दुसऱ्या दृश्याविषयीचे मत पहिल्यामुळे बदलते. निम्म्यांना उलट क्रमाने दाखवावे. कोणती आवृत्ती संशोधकाला प्रिय आहे हे सहभागींना कळू देऊ नये. निदान दोन पुरातत्त्वज्ञांनी एकमेकांशी न बोलता निरीक्षणे नोंदवावीत, आणि शक्य असेल तर तिसऱ्या गटाला हेच काम साध्या पडद्यावर द्यावे. पडद्यावरच्या गटाने तेच उत्तर दिले तर या प्रश्नासाठी हेडसेटची गरज नव्हती, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही. पुढच्या माणसाचे पैसे आणि श्रम वाचतात.

नोंदीसाठी डोक्याची जागा आणि नजरेची दिशा सेकंदाला दहा वेळा साठवावी. एवढी छोटी नोंदही नंतर आराखड्यावर उतरवली की कोण कुठे थबकले, कोठाराकडे कोणाचे लक्ष आपणहून गेले आणि कोणाचे सांगितल्यावर गेले, हे स्पष्ट दिसते. सहभागींना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगून ध्वनिमुद्रण करावे. आपल्याकडे लोक मराठीत मोकळेपणाने बोलतात, त्यांना इंग्रजी संज्ञांत अडकवू नये. एक सत्र पंधरा-वीस मिनिटांचे असावे, त्यानंतर विश्रांती. मळमळ वाटताच थांबण्याची मुभा लेखी संमतिपत्रात असावी, कारण गरगरत असलेल्या माणसाचे निरीक्षण असेही वापरता येत नाही.

सातवा टप्पा: निष्कर्ष लिहिणे आणि जतन

लिहिताना प्रत्येक निष्कर्षापुढे तो बारापैकी किती स्थितींत टिकला हे द्यावे, आणि जो भाग त्याला आधार देतो त्याचा पुराव्याचा रंग द्यावा. ‘अंगणात उभ्या असलेल्या व्यक्तीला कोठाराचे दार १.४ मीटरपर्यंतच्या भिंतींवरून दिसते, त्याहून उंच भिंती धरल्यास दिसत नाही. भिंतीची उंची तिसऱ्या रंगाची आहे’ असे वाक्य वाचणाऱ्याला वाद घालण्याची जागा देते. उद्या एखाद्या स्थळी पडलेल्या भिंतीचा पूर्ण उंचीचा तुकडा सापडला, तर याच वाक्यात नवा आकडा घालून निष्कर्ष पुन्हा तपासता येईल.

खेळ-प्रणालीतील प्रकल्प हे जतनाचे माध्यम नाही. युनिटी किंवा अनरियलची आवृत्ती बदलली की काही वर्षांत तो उघडेनासा होतो. म्हणून कच्ची छायाचित्रे, नियंत्रणबिंदूंची यादी, बिंदुमेघ (मोजलेल्या असंख्य बिंदूंचा संच) ई५७ या फाइल-प्रकारात, जाळ्या पीएलवाय व जीएलटीएफ या फाइल-प्रकारांत, रेखाटलेले आराखडे आणि निर्णयांची नोंदवही हे सगळे प्रणालीबाहेर, साध्या फोल्डरमध्ये, निदान तीन प्रतींत ठेवावे. त्यांतली एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. नोंदवहीत तारीख, निर्णय, पर्याय आणि नाकारण्याचे कारण असे चार रकाने पुरतात. संरक्षित स्मारकाची नोंद असेल तर एक प्रत परवानगी देणाऱ्या कार्यालयाला द्यावी. नंतर कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला तो फोल्डर आणि नोंदवही देऊन, आपण खोलीत नसताना, बारापैकी एक स्थिती नव्याने उभी करायला सांगावी. जिथे तो अडेल तिथे नोंद अपुरी आहे. ती पूर्ण केल्यावरच फोल्डर बंद करावा.